पूर्व किनाऱ्यावरची वारसाफेरी: नव्याने आखलेल्या एका उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईचा समुद्र पाहायचा तर लोक मरीन ड्राइव्ह नाहीतर गिरगाव चौपाटी गाठतात. ज्या किनाऱ्यावर या शहराने पोट भरले तो पूर्वेचा किनारा मात्र बहुतेक मुंबईकरांनी हार्बर लाइनच्या खिडकीतून ओझरताच पाहिलेला असतो. कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत गोद्या, गोदामे, लहानमोठी बंदरे आणि बंदर रेल्वेचे जुने रूळ यांची ही पट्टी पसरली आहे. तिचा मोठा भाग बंदर प्रशासनाच्या ताब्यात आहे आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये उंच भिंत आहे.

बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा आणि आज इंदिरा गोदी म्हणून ओळखला जाणारा अलेक्झांड्रा डॉक १९१४ चा. या शेवटच्या गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट उभे राहिले. १९१५ पासून बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा माल डब्यातून थेट बंदरात येऊ लागला. पुढे १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले, माल कंटेनरमधून जाऊ लागला आणि इकडच्या गोदी कामगारांच्या टोळ्यांचे काम आटत गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या तर कंटेनर टर्मिनलच्या प्रकल्पासाठी बुजवल्या गेल्या.

या प्रकरणातला गट मध्य मुंबईतल्या एका सार्वजनिक वाचनालयाभोवती जमलेला आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, एक तरुण वास्तुरचनाकार आहे, बँकेत नोकरी करणारे दोघेतिघे आणि काही विद्यार्थी आहेत. फोर्ट आणि गिरगावात ही मंडळी मराठीतून वारसाफेऱ्या काढत आणि त्या चांगल्या चालत. पूर्व किनाऱ्याची फेरीही मराठीतच व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मला तो फार मोलाचा वाटतो. गोदीत राबलेल्यांत साताऱ्याकडचे, पुणे जिल्ह्यातले, कोकणातले कितीतरी लोक होते आणि त्यांची नातवंडे याच शहरात राहतात. आजोबांनी जिथे घाम गाळला ती जागा आपल्या भाषेत समजून घेण्याची सोय त्यांना नव्हती.

मी या गटाच्या बैठकांना बसून नोंदी ठेवत होते. व्यक्तींची नावे आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

पहिली फेरी

पहिली फेरी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी चार वाजता निघाली. बॅलार्ड इस्टेटपासून पी. डिमेलो मार्गाने उत्तरेकडे, मग कर्नाक बंदर, मशीद बंदर, भाऊचा धक्का, जहाजतोडणीचा दारूखाना, रे रोड आणि शेवटी कॉटन ग्रीन, असा सात-आठ किलोमीटरचा मार्ग होता. पस्तीसेक माणसे आली होती. त्यांत साठी ओलांडलेले बरेच होते.

बॅलार्ड इस्टेटमधला पहिला तास छान गेला. वास्तुरचनाकार ताई मार्गदर्शक होत्या आणि तो त्यांच्या अभ्यासाचा विषय. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच या वसाहतीतल्या इमारतींना एकसारखा चेहरा कसा दिला, हे त्यांनी कमानी आणि दगड दाखवत समजावले. लोक वर बघत, फोटो काढत चालले होते.

डिमेलो मार्गावर आल्यावर फेरीचा सूर उतरला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभे ट्रक. ‘या भिंतीपलीकडे प्रिन्सेस डॉक होता’, ‘या भिंतीपलीकडे व्हिक्टोरिया डॉक होता’ असे ताई सांगत राहिल्या आणि लोक भिंतीकडे पाहत राहिले. एका फाटकाशी फोटो काढणाऱ्यांना सुरक्षारक्षकाने हटकले. एक ट्रेलर मागे घेताना क्लीनर ओरडला म्हणून मागची चार माणसे वेळीच बाजूला झाली. मशीद बंदरापर्यंत बायकांसाठी स्वच्छतागृह मिळाले नव्हते, तेव्हा पाच-सहा जणी तिथूनच गाडी पकडून घरी गेल्या. दारूखान्यात रस्त्याकडेला पत्रा कापणाऱ्या कामगारांसमोर एकाने मोबाइल धरला. ‘आमचा फोटो कशाला? आधी पुसा तो,’ असे कामगाराने ठणकावले. फोटो पुसला गेला, पण त्यानंतर कुणालाच तिथे उभे राहावेसे वाटेना. कॉटन ग्रीनला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता आणि कापूस बाजाराची ती देखणी हिरवी इमारत दिसलीच नाही.

तिथेच एक निवृत्त गोदी कामगार, जे नातीबरोबर आले होते आणि वाटेत काही बोलले नव्हते, मार्गदर्शक ताईंना म्हणाले, “ताई, तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत. पण कापसाची गासडी किती किलोची असायची, ती किती जण उचलायचे, हे आलंच नाही. आम्ही तेच करायचो की.”

अडचण नेमकी कुठली

पुढच्या बैठकीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की अडचण व्यवस्थेची आहे: अंतर कमी करा, वेळ बदला, स्वच्छतागृहे आधी शोधा, रस्ता ओलांडताना दोन माणसे पुढेमागे ठेवा. हे सगळे खरेच होते आणि पुढे सगळे करावेही लागले. दुसऱ्या तटाला मात्र त्या निवृत्त कामगार काकांचा प्रश्न सोडत नव्हता.

ताईंनी त्या बैठकीत आपली टिपणे टेबलावर ठेवली. बॅलार्ड, फ्रियर, कर्नाक, रे या सगळ्या साहेबांची माहिती त्यांत होती. ज्या रस्त्यावरून लोकांना दोन तास चालवले तो पूर्वीचा फ्रियर रोड, आणि आज त्याला गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचे नाव आहे. त्यांच्याविषयी टिपणांत ओळही नव्हती.

माझ्या मते दोन्ही तट एकाच अडचणीविषयी बोलत होते. मार्ग इमारतींच्या मागे मागे आखला होता. पूर्व किनाऱ्यावर पाहण्यासारख्या इमारती एकमेकींपासून लांब आहेत आणि मधला सगळा भाग कामाचा आहे. इमारती जोडायच्या म्हणून अंतर वाढले, अंतरामुळे अंधार झाला, आणि मधला कामाचा भाग नुसता ओलांडायचा रस्ता ठरला. तिथे सांगायला काही नव्हते, कारण त्या कामाची माहितीच जमवली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वात आकर्षक पर्याय होता परवानगी काढून गोदीच्या आत जाण्याचा. चालू गोदीत पासशिवाय प्रवेश नाही, फोटोला मनाई आहे, आणि सुरक्षेच्या कारणावरून परवानगी आयत्या वेळी रद्दही होऊ शकते. तरी संयोजक सर अर्ज करायला तयार होते. या चर्चेला वळण दिले ते एका विद्यार्थिनीने. ती म्हणाली, “पण सर, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया बुजवल्यात ना? आत जाऊनही आपण सपाट जमीनच बघणार.” परवानगीसाठी थांबण्याचा सगळा मुद्दा ‘डोळ्यांनी पाहणे’ हा होता. तो निम्मा तिथेच निकालात निघाला.

दुसरा पर्याय बॅलार्ड इस्टेटपुरते थांबण्याचा. सुरक्षित, सावलीचा, हमखास आवडणारा. पण त्यात बंदराची कचेरी दिसते, बंदर दिसत नाही. ताईंना ही जागा सोडवत नव्हती आणि त्यांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. शेवटी बॅलार्ड इस्टेटची वेगळी छोटी फेरी त्यांनी स्वतंत्रपणे घ्यावी, असे ठरले.

तिसरा पर्याय पाण्यावरून जाण्याचा होता: भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसच्या लाँचने जाऊन परत यायचे. तिकीट परवडणारे, आणि किनारा समोरून पाहायला मिळतो. पण लाँचच्या इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, ओहोटीला मोऱ्याच्या बाजूला गाळामुळे वेळा हुकतात, आणि इतर प्रवाशांच्या गर्दीत आपले भाषण लादणे बरे दिसत नाही. हा पर्याय बाजूला ठेवला, टाकून दिला नाही.

फेरी बंद करावी, असेही एकाने सुचवले. त्यावर फार चर्चा झाली नाही.

उरला तो काकांच्या प्रश्नातून निघालेला पर्याय: फेरी कामाभोवती बांधायची, थांबे थोडे ठेवायचे आणि मधले अंतर लोकलने कापायचे.

निर्णय पहिला: कुठून पाहायचे

गोदी आतून दाखवता येत नाही, तर वरून दाखवता येईल, ही सूचना माझगावात लहानपण गेलेल्या एका सदस्याची. डॉकयार्ड रोड स्थानकाशेजारी भंडारवाड्याची टेकडी आहे आणि तिच्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तिथून खाली बंदराच्या शेडा, क्रेन, माझगाव डॉकमधली बांधणीतली जहाजे आणि पलीकडे नांगरलेल्या बोटी एका नजरेत येतात. कुणाची परवानगी लागत नाही, बसायला बाक आहेत. शिवाय ज्यांच्या नावाची ही बाग आहे ते जोसेफ ऊर्फ ‘काका’ बाप्टिस्टा टिळकांचे सहकारी, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे असलेले कामगार पुढारी आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. कामगारांची गोष्ट सुरू करायला याहून चांगली जागा मुंबईत सापडायची नाही.

मार्ग मग सहज बसत गेला. डॉकयार्ड रोडला जमायचे, टेकडीवर जायचे, खाली उतरून भाऊचा धक्का पाहून परत यायचे. एक स्थानक पुढे रे रोड, तिथे दारूखान्याच्या तोंडाशी थांबा. आणखी एक स्थानक पुढे कॉटन ग्रीन, तिथे शेवट. हार्बर लाइनवरची ही सलग तीन स्थानके. चालणे निम्म्यावर आले, आणि ज्याला थकवा येईल तो कुठल्याही स्थानकावरून घरी जाऊ शकतो.

बागेतून माझगाव डॉककडे झूम करून फोटो काढायचे नाहीत, असा नियम गटाने स्वतःहून घातला. तिथे युद्धनौका बांधल्या जातात. कुणी हटकण्याची वाट कशाला पाहायची?

निर्णय दुसरा: कुणी बोलायचे

यावर सर्वात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

काकांनी गोदीत टोळीत हमाली केली होती आणि नंतर विंच, म्हणजे माल उचलायचे यंत्र, चालवली होती. संयोजक सर त्यांच्या घरी गेले तेव्हा पहिला प्रस्ताव असा होता की काकांनी माहिती द्यावी आणि ताईंनी ती फेरीत सांगावी. काका माहिती द्यायला तयार होते. ताईच म्हणाल्या, “मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. काकांनीच बोलावं.” गटातल्या दोघांना धास्ती होती की काका भरकटतील, वेळ जाईल, ऐकीव गोष्टी इतिहास म्हणून सांगितल्या जातील.

ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. गोदी स्फोटाचेच पाहा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत चौदाशे टनांच्या आसपास स्फोटके होती, त्यांच्याबरोबर कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापसाला आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. युद्धकाळ असल्याने बातमी काही आठवडे दाबून ठेवली गेली. बातमी दबली की तोंडी गोष्टी वाढतात. काका स्वतः १९४४ चे साक्षीदार नव्हते, पण त्यांच्या पहिल्या मुकादमाने तो दिवस पाहिला होता, आणि मुकादमाकडून ऐकलेले काकांकडे पुष्कळ होते. त्यातले काही नोंदींशी जुळते. शहरात सोन्याची वीट येऊन पडली, ही गोष्ट खरी आहे. काही जुळत नाही.

यावर ठरलेला तोडगा मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणपणाचा वाटतो. जे कागदावर आहे ते ताईंनी सांगायचे आणि ‘हे नोंदीत आहे’ असे म्हणून सांगायचे. जे ऐकले आहे ते काकांनी ‘हे मी मुकादमाकडून ऐकलंय’ असे म्हणून सांगायचे. जे स्वतः केले ते ‘हे मी केलंय’ असे म्हणून. कुणी कुणाची दुरुस्ती लोकांसमोर करायची नाही. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत सुमारे आठशेपासून तेराशेपर्यंत जातात, म्हणून एकच आकडा ठामपणे सांगायचा नाही.

काकांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही शोधले गेले. मुंबईच्या कापूस व्यापारातली गासडी ३९२ पौंडांची धरली जाई, म्हणजे सुमारे १७८ किलो. काकांची आठवण ‘पावणेदोनशे’ अशी होती.

निर्णय तिसरा: शाल-श्रीफळ की मानधन

काका बोलणार हे ठरल्यावर शेवटच्या थांब्यावर शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करावा, अशी सूचना आली. सूचना मनापासूनची होती. ताईंना मात्र दर फेरीमागे मानधन मिळत होते. गटाच्या खजिनदार बाईंनी विचारले, “एकीला पैसे आणि एकाला शाल, असं का?” खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही.

सर काकांकडे पुन्हा गेले. काकांनी आधी पैशाला नकार दिला, म्हणाले, “पेन्शन आहे मला. दोन शब्द सांगायचे काय पैसे घ्यायचे?” सरांनी सांगितले की हे काम आहे, ठरल्या वेळी यावे लागेल, नाही आलात तर फेरी अडेल. त्यावर काका हसून म्हणाले, “मग हजेरी लावा माझी.” ताईंना जेवढे तेवढेच काकांना, असे ठरले. त्यामुळे प्रवेशशुल्क वाढवावे लागले आणि विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या जागा ठेवाव्या लागल्या.

याचा एक परिणाम आधी लक्षात आला नव्हता. मानधन घ्यायला लागल्यावर काका आखणीच्या बैठकीत हक्काने मत देऊ लागले. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस भिडेपोटी जे बोलत नाही ते त्यांनी बोलायला सुरुवात केली.

निर्णय चौथा: दारूखान्यात थांबायचे का

दारूखाना वगळावा, असे निम्म्या गटाचे मत होते. तिथे भरतीला जहाजे किनाऱ्याच्या चिखलावर आणून तोडण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. भारताची पहिली विमानवाहू नौका, जुनी ‘विक्रांत’, २०१४ मध्ये इथेच तोडायला आणली गेली. आजही त्या गल्ल्यांत साखळदंड, दोरखंड, पत्रे आणि बोटींवरून उतरवलेले सामान विकले जाते. काम कष्टाचे आणि जोखमीचे, वस्ती दाटीची. तिथे घोळक्याने जाऊन माणसांकडे टक लावून पाहणे योग्य नाही, हा आक्षेप रास्त होता.

काकांनी सुचवले की जहाज तोडण्याच्या जागी जाऊच नये, रस्त्यालगतच्या एखाद्या दुकानदाराला आधी विचारून त्याच्या दुकानासमोर दहा मिनिटे थांबावे. तसे झाले. जुन्या सामानाचे एक व्यापारी तयार झाले, अट एकच: गिऱ्हाईक आले की ते गिऱ्हाइकाकडे बघणार. या थांब्यावर मोबाइल खिशात राहतात. व्यापारी साखळीची कडी हातात देऊन ती वजनावर कशी विकली जाते, कुठल्या कडीला गिऱ्हाईक आहे आणि कुठली वितळवायला जाते, हे सांगतात. या थांब्यामुळेच गटाची मर्यादा पंधरावर आणली गेली. त्याहून जास्त माणसे त्या रस्त्यावर उभी राहिली की वाट अडते.

निर्णय पाचवा: वार, वेळ आणि तारीख

रविवारी रस्त्यावर ट्रेलर कमी, पण दुकाने बंद, बंदर सुनसान, आणि हार्बर लाइनवर मेगाब्लॉक. लोकलवर आधारलेल्या फेरीला मेगाब्लॉक परवडत नाही. कामाच्या वारी सगळे जिवंत असते पण रस्ता धोक्याचा आणि लोकांना रजा नाही. शनिवारी सकाळी साडेसात ही तडजोड निघाली. धक्क्यावर मासळीची लगबग चालू असते, दारूखान्याची दुकाने उघडू लागतात आणि ऊन चढायच्या आत कॉटन ग्रीन गाठता येते. पावसाळ्यात फेरी नाही.

तारखेचा एक प्रश्न वेगळाच निघाला. स्फोटाच्या स्मृतिदिनी, १४ एप्रिललाच, विशेष फेरी काढावी असे सरांच्या मनात होते. काका म्हणाले, “सर, त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. आमच्या चाळीतलं कुणी येणार नाही, मीही नाही. आणि मला नाही वाटत की यावं.” गोदीच्या इतिहासात रस असलेली जी कुटुंबे गटाला जोडायची होती, त्यांतली कितीतरी त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत असणार होती. विशेष फेरी आधीच्या शनिवारी ठेवली गेली.

निष्पत्ती

नवी फेरी एक पूर्ण हंगाम चालली. अर्ध्यातून निघून जाणारे जवळपास थांबले. स्वच्छतागृहाची सोय भाऊच्या धक्क्यावर आणि स्थानकांवर आधी पाहून ठेवलेली असते आणि ती सुरुवातीलाच सांगितली जाते. ही साधी गोष्ट केल्यावर बायकांची नोंदणी लगेच वाढली.

लोक सर्वात जास्त रमतात ते काकांच्या बोलण्यात. काका कापडी पिशवीतून आपला जुना हूक आणतात. गासडीत तो कुठे रोवायचा, टोळीतल्या माणसांनी जोर एकदम कसा लावायचा, विंचवाल्याला हातवाऱ्यांनी इशारे कसे द्यायचे, हे दाखवतात. रोजंदारीच्या काळात टोळीवाला फाटकाशी माणसे कशी निवडायचा, १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर नोंदणी झाली आणि काम मिळाले नाही त्या दिवशीही काही पैसे हातात यायला कशी सुरुवात झाली, हे ताई आणि काका मिळून सांगतात. माथाडींचा विषय निघाला की अण्णासाहेब पाटील आणि १९६९ चा कायदा येतो. ज्यांच्या घरात कुणी माथाडी होते अशी माणसे तिथे आपणहून बोलू लागतात.

भाऊच्या धक्क्यावर असे काही घडले ज्याची आखणी कुणी केली नव्हती. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला, हे सांगून ताई पुढे जाणार होत्या. पण रेवसकडच्या लाँच दिसल्या की कोकणातली माणसे थांबतात. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. एका फेरीत एका आजींनी त्यांच्या चुलत्याचे नाव घेतले. तेव्हापासून या थांब्याला जास्त वेळ ठेवला आहे आणि तिथे मार्गदर्शक कमी बोलतात.

सगळेच जमले असे नाही. वाढलेल्या शुल्कामुळे काही जुने सदस्य दुरावले. रे रोडचे जिने गुडघे दुखणाऱ्यांना जड जातात आणि त्यावर उपाय मिळालेला नाही. बागेतून गोदी पाहायची तर हवा स्वच्छ हवी. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी पलीकडचे काही दिसत नाही, तेव्हा छापील नकाशावर भागवावे लागते. एका कार्यालयाने चाळीस कर्मचाऱ्यांसाठी एकत्र फेरी मागितली होती, चांगले पैसे देऊन. गटाने तीन तुकड्यांचा प्रस्ताव दिला, तो त्यांना सोयीचा वाटला नाही. खजिनदार बाईंना हा निर्णय जड गेला, आणि मी त्यांच्या बाजूने विचार करून पाहिला तरी पंधराची मर्यादा मोडायला नको होती असेच मला वाटते.

वेगळे काय करता आले असते

पहिली फेरी लोकांना घेऊन काढण्याआधी गटातल्याच चौघांनी त्याच वारी, त्याच वेळी पूर्ण चालून पाहायला हवी होती. मार्ग तुकड्यातुकड्यांनी पाहिला गेला, एकाच दुपारी सलग कधीच नाही. तसे झाले असते तर अंधार, ट्रेलर आणि स्वच्छतागृह हे तिन्ही प्रश्न आधीच पुढे आले असते.

निवृत्त कामगारांना शोधण्याची सुरुवातही आखणीच्या आधी व्हायला हवी होती. काका योगायोगाने आले. वडाळ्याला नाडकर्णी पार्कसारख्या बंदर कामगारांच्या वसाहती आहेत, युनियनच्या कचेऱ्या आहेत. तिथे कुणी विचारायला गेले नव्हते.

बायकांचे काम या फेरीत अजूनही जवळपास नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायका चालवत. धक्क्यावर मासळीचा व्यवहार आजही कोळणींच्या हातात आहे. त्यांच्यापैकी कुणाला मानधन देऊन बोलते करायचे तर सकाळची वेळ त्यांच्या धंद्याची. यावर गटात एकमत झालेले नाही. काहींना वाटते संध्याकाळची वेगळी फेरी करावी, काहींना वाटते थांबाच धंदा आटोपल्यावर ठेवावा.

दुसरा प्रश्न काकांवर असलेल्या भाराचा आहे. त्यांची तब्येत बिघडली तेव्हा दोन फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे असे सरांना वाटते. मुद्रणाला काकांची हरकत नाही, पण आपण नसताना ते फेरीत लावायचे नाही आणि इंटरनेटवर टाकायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. गटाने ते लेखी मान्य केले. सध्या काकांच्या ओळखीचे आणखी एक निवृत्त विंचवाले फेरीबरोबर येतात, त्यांनाही मानधन मिळते आणि कॉटन ग्रीनचा थांबा त्यांच्याकडे दिला आहे. शिवडीपर्यंत फेरी वाढवण्याचा विषय त्यांनी काढला होता. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बैठकीत तो घेतला जाईल, आणि त्याआधी चौघांनी तो मार्ग शनिवारी सकाळी सलग चालून पाहायचा आहे.